पंच कोणी मारला?

अंबरनाथच्या एमआयडीसीत माझ्या वडिलांनी सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. छोटं मशीन शॉप, मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारं. सुट्टीत डबा पोचवायला गेलो की बाबा मला रॅकवरचे रॉड दाखवायचे. प्रत्येक रॉडच्या एका टोकाला ग्रेडप्रमाणे रंग फासलेला आणि त्याच तोंडावर पंचाने ठोकलेला हीट नंबर. "कापायचं ते बिनरंगाच्या टोकाकडून," बाबा सांगायचे. "रंगाचं टोक आधी कापलं की उरलेला रॉड अनाथ झाला. मग तो कुठल्या भट्टीतला, कुठल्या ग्रेडचा, सांगायला कोणी नाही."

मी आता बदलापूरला राहतो आणि ऐरोलीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या बिल्डचं काम पाहतो. आमचे प्रोग्रामर बाहेरची जी तयार पॅकेजेस वापरतात ती आधी कंपनीच्या अंतर्गत रिपॉझिटरीत येतात. कुठलं आत घ्यायचं आणि कुठलं दारात अडवायचं, हे बघणं माझ्याकडे. बरीच वर्षं मला वाटायचं की हे काम इंटरनेटबरोबर जन्माला आलं. त्याचं कूळ शोधत मागे गेलो, तेव्हा बाबांच्या स्टोअरच्या दारातच पोचलो.

त्या दाराला 'इनवर्ड' म्हणत. चलान आणि टेस्ट सर्टिफिकेट जुळल्याशिवाय माल आत यायचा नाही, आणि आला तरी तपासणी होईपर्यंत वेगळ्या कठड्यात पडून राहायचा. बुशचा लॉट आला की प्लग गेज निघायचं. त्याला दोन टोकं, 'गो' आणि 'नो गो'. पहिलं भोकात सहज उतरलं पाहिजे, दुसरं अडलंच पाहिजे. बुश कोणी बनवला, तो किती भला माणूस आहे, हे गेज विचारत नाही.

गेजचं घराणं बंदुकांचं. १७८५मध्ये पॅरिसजवळ ओनोरे ब्लाँ या कारागिराने थॉमस जेफरसनला बंदुकीच्या चापांचे सुटे भाग दाखवले. ढिगातून हाताला येईल तो भाग उचलून जोडला तरी बसत होता. त्या चमत्कारामागे मापं होती. प्रत्येक भाग एकाच नमुन्याशी ताडून घेतलेला होता, म्हणून कुठलाही कुठेही बसायचा. तीच शिस्त पुढे जगभरच्या शस्त्रनिर्मितीत रुजली. स्वातंत्र्यानंतर लवकरच अंबरनाथला आयुध कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली, आणि ती शिस्त आमच्या गावातही आली. या भागातल्या कितीतरी घरांत 'टॉलरन्स' हा शब्द मराठीच वाटावा इतका रुळलेला आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे घराणं ठाऊक होतं. ऑक्टोबर १९६८मध्ये जर्मनीत गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी मांडलं की प्रोग्रामही कारखान्यासारखे सुट्या भागांतून बांधावेत. तयार भागांचा कॅटलॉग असावा आणि त्यात प्रत्येक भागाची अचूकता, मजबुती नोंदलेली असावी. कॅटलॉग पुढे आले: पर्ल भाषेचं सीपॅन १९९५मध्ये, मग पायथनचं, जावाचं, २०१०मध्ये जावास्क्रिप्टचं एनपीएम. प्रतवारी मात्र आली नाही. कोणीही भाग ठेवावा, कोणीही उचलावा. या मोकळेपणानेच आमचा धंदा उभा राहिला आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण इनवर्डचं दार वाटेत कुठेतरी गळालं.

मग कंपन्यांनी आपापली कोठारं बांधली. ती बांधली मात्र भलत्याच कारणासाठी: बिल्ड लवकर व्हावं, बाहेरचा सर्व्हर बंद पडला तरी काम थांबू नये. मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रामरने एनपीएमशी झालेल्या वादात 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभरची बिल्डं कोसळली. ज्यांच्या कोठारात प्रत होती ते वाचले. त्यामुळे एक गैरसमज पक्का झाला: आपल्या कोठारात आहे म्हणजे माल सुरक्षित आहे. कोठार तर आलेला माल नुसता साठवत होतं. बाबांच्या कानावर हे गेलं असतं, तर त्यांनी पहिल्यांदा कठडा कुठे आहे ते विचारलं असतं.

पुढचा धडा कळायला उल्हासनगरची माणसं बरी. फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावण्यांत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. हाताशी काही नसताना त्यांनी घरोघरी कारखाने काढले. इथल्या मालावरच्या 'यूएसए'चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. खरी-खोटी कशीही असो, तिच्यात एक नेमकी गोष्ट आहे: नाव तेच असून मूळ वेगळं असू शकतं.

फेब्रुवारी २०२१मध्ये अॅलेक्स बिरसान या संशोधकाने नेमकं हेच सिद्ध केलं. बड्या कंपन्या आपल्या अंतर्गत पॅकेजना जी नावं देतात, ती त्याने बाहेरच्या सार्वजनिक कॅटलॉगांत नोंदवली आणि आवृत्तीचा आकडा मोठा ठेवला. कित्येक ठिकाणी बिल्डने घरचा भाग सोडून बाहेरचा उचलला. अॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल धरून पस्तीसहून जास्त कंपन्यांत त्याचा कोड चालला. मी तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत होतो. तिच्या रिपॉझिटरीत घरचं आणि बाहेरचं एकाच पत्त्यावर मिसळलेलं होतं. आमची अंतर्गत नावं बाहेर शोधली तर बरीच मोकळी पडलेली, कोणीही येऊन घ्यावीत अशी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच वर्षीचा १० डिसेंबर, शुक्रवार. 'लॉगफोरजे' या जावाच्या लायब्ररीतली त्रुटी जाहीर झाली. गांभीर्य दहापैकी दहा. प्रत्येक मॅनेजर एकच विचारत होता: ही आपल्याकडे कुठे कुठे आहे? उत्तर कोणाकडेच नव्हतं. आम्ही थेट मागवलेली लायब्ररी सापडत होती. पण दुसऱ्याने आपल्या पॅकेजच्या पोटात, त्याच्याही पोटातल्या फायलीत घालून पाठवलेली सापडायला सोमवार उजाडला. बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांना विचारलं, एका हीटचा माल खराब निघाला तर तुम्ही काय करायचात? ते म्हणाले, "वही काढायची. कुठल्या हीटचा रॉड कुठल्या लॉटमध्ये गेला आणि लॉट कुणाला गेला, लिहिलेलं असतं. पंधरा मिनिटं."

ती वही आता सॉफ्टवेअरलाही सक्तीची होऊ लागली आहे. सेबीने ऑगस्ट २०२४मधल्या सायबर सुरक्षेच्या चौकटीत सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी मागितली आणि ऑक्टोबरमध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ती कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आमच्याकडे आज प्रत्येक पॅकेजची आवृत्ती गोठवलेली असते, सोबत त्याचा हॅश, आणि नवी आवृत्ती आली की काही दिवस कठड्यात.

हॅश काय असतो, हे मी बाबांना स्क्रीनवर दाखवलं: चौसष्ट अक्षरांची ओळ, फायलीत एक अक्षर बदललं तरी सगळी बदलते. त्यांना पटलं. "म्हणजे हीट नंबर," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पण पंच कोणी मारला?"

मार्च २०२४मध्ये 'एक्सझेड' या फायली आवळणाऱ्या पॅकेजच्या प्रकरणाने हाच प्रश्न जगापुढे ठेवला. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षं निगुतीने काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. हॅश बरोबर होता, सहीसुद्धा. पंच मारणाराच फितूर होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेने प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांनी खणत जाऊन ते उघड केलं. चोरदरवाजा बसवणारी स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ कोडमध्ये नव्हतीच. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढी होती. ड्रॉइंग एक, माल दुसरा.

तेव्हापासून आमच्या सगळ्यात नाजूक पाच पॅकेजेसचा तयार गठ्ठा आम्ही घेत नाही. मूळ कोड आणतो, आपल्या मशीनवर बांधतो आणि बाहेरच्या गठ्ठ्याशी ताडून बघतो. पहिल्याच पॅकेजला दोन्ही जुळेनात. दोन दिवस एकेक फाइल उलगडत बसलो, तेव्हा फरक आतल्या फायलींवर पडलेल्या तारखांचा निघाला, बाकी अक्षर न् अक्षर तेच. आधी वहीत तसं लिहिलं, मग माल आत घेतला.