कागदावरचा आसरा

अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या घराण्यात एक मुकी व्यथा होती. त्यांची पाठची बहीण रोझमेरी बौद्धिक वाढीत मागे राहिली होती. १९४१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, वडिलांच्या संमतीने तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. ती फसली आणि रोझमेरीचे बोलणे जवळजवळ हरपले. १९४९ पासून विस्कॉन्सिन राज्यातील फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या सेंट कोलेटा या संस्थेने तिला आसरा दिला. २००५ साली तिचे निधन झाले.

रोझमेरीच्या पाठीशी घरची श्रीमंती होती. ज्यांना ती नव्हती, त्यांचे काय? १९५५ साली अमेरिकेतील राज्य सरकारांच्या मनोरुग्णालयांत सुमारे ५,५८,००० माणसे होती. अनेकांचे सारे आयुष्य त्या भिंतींआडच सरले. ५ फेब्रुवारी १९६३ रोजी केनेडींनी संसदेला खास संदेश धाडला. रुग्णांवर त्यांच्याच गावात, आप्तांच्या सान्निध्यात उपचार व्हावेत, असा त्याचा आशय होता. ३१ ऑक्टोबरला त्यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली आणि अवघ्या बावीस दिवसांनी त्यांची हत्या झाली.

संकल्प उदात्त होता, परंतु हिशेब कच्चा राहिला. केंद्र सरकारचे अनुदान प्रथम केवळ इमारतींसाठी होते. पुढे सेवकांच्या वेतनासाठी पैसा मिळाला, तोही मुदतीपुरता आणि दरवर्षी घटत जाणारा. पुढचा भार राज्ये उचलतील, असे गृहीत धरले गेले. योजिलेल्या सुमारे १५०० केंद्रांपैकी जेमतेम निम्मीच उभी राहिली.

इस्पितळे मात्र रिकामी होत गेली. नव्या औषधांचा त्यात वाटा होता, तसाच तिजोरीचाही. १९६५ साली सुरू झालेली मेडिकेड योजना मनोरुग्णालयातील ६५ वर्षांखालील प्रौढांचा खर्च देत नसे. रुग्ण बाहेर धाडला की राज्याचा बोजा हलका होई. वाचलेला पैसा रुग्णामागोमाग त्याच्या गावी जायला हवा होता. बहुतांशी तो गेला नाही. १९८० पर्यंत या रुग्णालयांतील संख्या सुमारे १,३२,००० वर आली होती.

त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सामुदायिक सेवांना बळ देणारा नवा कायदा केला. परंतु १९८१ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या अर्थसंकल्पी कायद्याने तो बव्हंशी रद्द ठरला. केंद्राचा निधी सुमारे एक चतुर्थांशाने घटवून एकत्रित अनुदान म्हणून राज्यांच्या हाती सोपविण्यात आला. २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनीही या सेवांवर कात्री चालविली. शिकागो शहराने २०१२ साली आपल्या बारा मानसोपचार केंद्रांपैकी सहा बंद केली.

केंद्र बंद झाल्याने आजार संपत नाही. तो घरातल्या थकलेल्या आईच्या पदरी येतो, पदपथावर झोपतो, नाहीतर तुरुंगात पोहोचतो. लॉस एंजेलिस आणि शिकागो येथील तुरुंगांत मनोरुग्णांची संख्या इतकी वाढली, की ते तुरुंगच देशातील मोठी मनोरुग्णालये म्हणून ओळखले जाऊ लागले.

जुन्या भिंती पाडणे चुकीचे नव्हते. चूक झाली ती पुढची सोय दुसरा कोणीतरी करील, असे मानण्यात. करुणेला कायद्याचे शब्द पुरत नाहीत. दरवर्षीच्या जमाखर्चात तिच्या नावे रक्कम मांडावी लागते. रोझमेरीला मिळाला तसा आसरा श्रीमंताच्या बहिणीपुरताच राहू नये, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.