वितळलेल्या रिआलचा माग

तारापूर, शिरगाव, केळवे-माहीम, डहाणू. पालघरचा हा किनारा सुमारे पावणेदोनशे वर्षे पोर्तुगिजांच्या 'उत्तर प्रांता'त होता. मग त्या काळी युरोपातून येणारी चांदीची नाणी इथे मोठ्या संख्येने का आढळत नाहीत? व्यापार तुटपुंजा होता, असा निष्कर्ष काढण्याआधी या नाण्यांचा प्रवास पाहिला पाहिजे.

त्यांतले मुख्य नाणे म्हणजे स्पेनच्या राजाचे 'आठ रिआल'. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगरच हाती लागला. चांदीचा तुकडा कापायचा, वजनाला उतरेपर्यंत कडा छाटायच्या आणि दोन ठशांमध्ये धरून हातोडा हाणायचा, अशी तिथली रीत. त्यामुळे नाणे वेडेवाकडे होई. वजन मात्र सुमारे २७ ग्रॅम. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांत हे रिआल असत.

आपल्याकडच्या सराफाला त्यावरील राजचिन्हाचे अप्रूप नव्हते. तो वजन आणि कस पाही. ते शहाणपणाचेही होते. पोतोसीच्या टांकसाळीतच हिणकस नाणी पाडल्याचे १६४९ च्या सुमारास उघड झाले आणि त्यापायी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा याला १६५० मध्ये देहदंड झाला.

मोगल रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा, जवळजवळ शुद्ध चांदीचा. एका रिआलमधली चांदी दोन रुपयांहून थोडी अधिक भरे. शुल्क भरून व्यापाऱ्याला टांकसाळीत आपल्या चांदीचे रुपये पाडून घेता येत. म्हणून सुरतेस उतरलेले रिआल बहुधा मुशीतच जात. तेथेही पुन्हा ठसा आणि हातोडाच. फक्त राजा बदले.

म्हणजे रिआल हरवले नाहीत, रुपये झाले. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर मराठ्यांनी घेतले. त्या लढाईत बाजी भिवराव पडले. किल्ल्यावरचे निशाण बदलले, पण बाजारातला रुपया तोच राहिला.

म्हणूनच मुशीतून वाचलेले एखादे नाणे मोलाचे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा कायदा सांगतो. असे नाणे आज सोनाराकडे आटवले, तर अडीच तोळ्यांहूनही कमी चांदी हाती येईल. ते कुठे, कशाबरोबर सापडले ही साक्ष मात्र कायमची जाईल. तीन-चारशे वर्षांपूर्वी त्या मुशीतून निदान रुपया तरी निघत होता.