जालन्याचें बेथेल

कुंडलिका नदीच्या कांठचें जालना शहर व्यापाराबद्दल फार दिवसांपासून नांवाजलेलें आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. १८२७ च्या सुमारास हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी तेथें बांधली गेली आणि पेठेच्या भरभराटीला आणखी एक कारण मिळालें. ह्या शहरापासून दोन-तीन मैलांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक नवें गांव उभें राहिलें. त्याचें नांव मराठी नव्हतें, फारसी नव्हतें आणि इंग्रजीही नव्हतें. तें हिब्रू होतें. बायबलांतील याकोब घरदार सोडून परदेशीं निघाला असतां वाटेंत एका माळावर धोंडा उशाशीं घेऊन निजला. तेथें त्याला दृष्टान्त झाला, म्हणून त्यानें त्या जागेस ‘देवाचें घर’ म्हटलें. तेंच हें बेथेल. घरादारास मुकलेल्या माणसांच्या वस्तीला ह्याहून समर्पक नांव सांपडणें कठीण होतें. आणि तें ठेवणारा मनुष्य स्वतः त्या अनुभवांतून गेलेला होता.

नारायण शेषाद्री हे कोणी परदेशी पाद्री नव्हते. ते ब्राह्मण कुळांत जन्मलेले व मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेंत इंग्रजी विद्या शिकलेले होते. ही शाळा डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं स्थापन केलेली. १८३९ त धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी विद्यार्थ्यांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां मुंबईंत केवढा गहजब उडाला होता, हें त्या काळच्या इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. शाळेंतील मुलें भराभर काढून नेण्यांत आलीं. त्या वादळाचा धुरळा खालीं बसतो न बसतो तोंच १८४३ सालीं दुसरें वादळ उठलें.

तें सालच मोठें विलक्षण. १८ मे रोजीं एडिंबरो येथें स्कॉटलंडची राष्ट्रीय धर्मसंस्था दुभंगली. धर्मोपदेशक कोण असावा हें जमीनदारानें ठरवावें कीं मंडळीनें, ह्या वादांतून साडेचारशेंहून अधिक धर्मोपदेशकांनीं आपलीं देवळें, घरें व वेतनें सोडलीं आणि ‘फ्री चर्च’ स्थापन केलें. हिंदुस्थानांतील स्कॉटिश मिशनरीही त्यांनाच मिळाले. विल्सनसाहेब त्या वेळीं रजेवर स्वदेशीं गेलेले होते. मुंबईचा भार रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्यावर होता. सप्टेंबरमध्यें नारायण शेषाद्रींनीं त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. ते सज्ञान असल्यामुळें कायद्याला त्यांत बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु त्यांच्यामागून त्यांचा धाकटा भाऊ श्रीपति मिशनच्या घरीं राहावयास गेला. त्याचें वय बारा वर्षांच्या आसपास होतें.

बापानें सुप्रीम कोर्टांत धांव घेतली. कोर्टापुढें प्रश्न धर्माचा नव्हता, ताब्याचा होता: अज्ञान मुलावर हक्क कोणाचा? न्यायासनानें तो बापाचा ठरविला आणि श्रीपति त्याच्या स्वाधीन झाला. कायद्याच्या दृष्टीनें प्रकरण तेथें संपलें. खरें कठीण प्रकरण त्यापुढेंच सुरू झालें. मुलगा मिशनऱ्यांच्या घरीं राहिला होता, जेवला होता. आतां तो कोणत्या पंक्तीस बसणार? प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावा, असें बाळशास्त्री जांभेकर ह्यांच्यासारख्या विद्वानाचें मत पडलें व ते त्या मुलाच्या पाठीशीं उभे राहिले. पण मुंबईच्या ब्राह्मणवर्गांत तट पडले. सभा भरल्या, शास्त्रार्थ झाला, आणि शुद्धि करूं म्हणणाऱ्यांवरच बहिष्काराचीं शस्त्रें उगारलीं गेलीं. ‘दर्पण’ काढणारा, एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकविणारा पुरुषही ह्या माऱ्यांतून सुटला नाहीं. श्रीपति शेषाद्रीची हकीकत आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासांत नेहमीं जांभेकरांच्या निमित्तानें सांगितली जाते. ती नारायणाच्या बाजूनेंही पाहिली पाहिजे. एका घरांतला एक भाऊ गेला तो गेलाच. दुसऱ्याला परत आणतांना आपल्याच लोकांनीं दार लावून घेतलें. जातीचें कुंपण आंतून किती घट्ट विणलेलें असतें, हें त्या तरुणानें पुस्तकांत वाचलें नव्हतें, डोळ्यांनीं पाहिलें होतें.

पुढें कांहीं वर्षें शिकविण्यांत व उपदेशकाच्या अभ्यासांत गेलीं. १८५४ सालीं त्यांची आचार्यपदावर दीक्षा झाली. योगायोग असा, कीं त्याच सालीं अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशननेंही हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक ह्या दोघांना आचार्यपद दिलें. ह्या गोष्टीचें महत्त्व आज एकदम लक्षांत येत नाहीं. तोंपर्यंत देशी मनुष्य बहुधा गोऱ्या मिशनऱ्याच्या हाताखालीं वाचक, शिक्षक किंवा प्रचारक म्हणून राही. आचार्यपद मिळालें म्हणजे बाप्तिस्मा देण्याचा, प्रभुभोजन वाढण्याचा व मंडळी चालविण्याचा अधिकार त्याच्या हातीं येई. अमेरिकन मिशन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे त्याच सुमारास हिंदुस्थानांत येऊन गेले. प्रत्येक देशांतील मंडळीनें आपला खर्च आपण सोसावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपला प्रसार आपणच करावा, असा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडांत चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेंच म्हणत होते. बोलावयास हें तत्त्व सोपें होतें. आचरणांत त्याचें काय होतें, हें पाहावयाचें तर जालन्याकडे वळलें पाहिजे.

१८६० नंतरच्या दशकांत नारायण शेषाद्रींनीं जालना हें आपल्या कामाचें केंद्र केलें. हा मुलूख निजामाचा. इंग्रजी कायदा व इंग्रजी कलेक्टर ह्यांचा आधार तेथें नव्हता. तिकडे औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचें काम रतनजी नवरोजी हे पारशी जन्माचे गृहस्थ चालवीत. म्हणजे एका जिल्ह्यांत एक ब्राह्मण व एक पारशी असे दोघे एतद्देशीय आचार्य जबाबदारीच्या जागीं होते.

मुंबईंत मिशनऱ्यांचा सारा भर उच्चवर्णीय, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवर असे. वरचे लोक आले म्हणजे खालचे आपोआप येतील, अशी त्यांची समजूत. जालन्याच्या खेड्यांतून मात्र ऐकावयास जमले ते मुख्यत्वें मांग व महार. गांवकुसाबाहेर ज्यांची वस्ती, ज्यांना विहिरीवर पाय ठेवतां येत नाहीं, त्यांच्या उंबऱ्यावर एक ब्राह्मण येऊन बसतो, त्यांच्या हातचें पाणी पितो, हीच त्या काळीं उपदेशापेक्षां मोठी बातमी होती. बातमी पसरण्याचे मार्गही ठरलेले होते. एका मांगवाड्यांतली मुलगी दुसऱ्या मांगवाड्यांत दिलेली असे. लग्नाला, जत्रेला, बाजाराला सोयरेधायरे भेटत. अशा समाजांत नवा विचार एकट्यादुकट्या मनुष्याच्या डोक्यांत राहत नाहीं, तो कुटुंबांतून कुटुंबांत जातो. हिंवाळ्यांत शेतीचीं कामें हलकीं झालीं म्हणजे उपदेशकांनीं खेडोपाडीं फिरावें, ऐकणारीं चार घरें दिसलीं कीं शिक्षक ठेवावा, शिक्षकानें दिवसा मुलांना अक्षरें शिकवावीं व रात्रीं मोठ्यांस वाचून दाखवावें, आणि बाप्तिस्मा घेणारे पुरेसे झाले म्हणजे त्यांतून ‘वडील’ निवडून मंडळी बांधावी, असा ह्या मिशनांचा सर्वसाधारण क्रम होता. प्रेस्बिटेरियन पद्धतींत हे वडील महत्त्वाचे. ते मंडळीनें निवडावयाचे आणि आचार्याबरोबर बसून कारभार पाहावयाचा. ज्याला गांवच्या चावडीवर उभें राहण्यापलीकडे अधिकार नव्हता, तो मनुष्य येथें मत देऊं लागला.

पण मंडळी बांधणें म्हणजे केवळ नांवें नोंदणें नव्हे. मांगाच्या हातीं दोर वळणें, केरसुण्या करणें, डफ-हलगी वाजविणें. महाराच्या हातीं येसकरकी, सांगावा पोंचविणें, मेलेलें ढोर ओढणें. ह्या कामांवर बलुतें मिळे. यांतलीं कित्येक कामें देवदेवस्कीशीं जोडलेलीं होतीं. खिस्ती झालेल्या मांगानें देवीच्या पालखीपुढें हलगी वाजवावी कीं नाहीं? वाजविली तर नवी मंडळी बोट दाखवी, न वाजविली तर खळ्यावरचें बलुतें जाई. आणि घरचे लोकही दुरावत. तेव्हां धर्म बदलण्याचा प्रश्न पाहतां पाहतां भाकरीचा प्रश्न होऊन बसला. ज्याच्यापाशीं एक बिघाही जमीन नाहीं, त्याला ‘आपला खर्च आपण सोस’ हें अँडरसनसाहेबांचें तत्त्व कसें सांगावयाचें?

बेथेलचा जन्म ह्या अडचणींतून झाला. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग हे १८५३ पासून कारभार पाहत होते. १८६५ सालीं त्यांनीं राज्यांत जिल्हाबंदी केली. वसूल नियमित व्हावा, पडीत जमीन लागवडीस यावी, हा त्यांच्या कारभाराचा रोख होता. १८७० च्या आसपास नारायण शेषाद्रींनीं त्यांच्याकडून जालन्याजवळ शेंकडों एकर जमीन मिळविली. पहिलीं कांहीं वर्षें साऱ्याची माफीही होती. मुसलमान राज्याच्या मुसलमान दिवाणानें खिस्ती झालेल्या मांग-महारांच्या वस्तीसाठीं एका धर्मांतरित ब्राह्मणाला जमीन द्यावी, हा प्रसंग चमत्कारिक वाटतो खरा. परंतु हिशेबी राज्यकर्त्याला ओसाड रानांत कसणारे हात आलेले हवेच असतात; त्यांत धर्माचा विचार दुय्यम. तेथें विहिरी, घरें, शाळा व प्रार्थनामंदिर अशी आंखणी करून गांव उभारण्यांत आलें. ज्यांचे वाडवडील दुसऱ्याच्या बांधावर राबले, ते आपल्या नांगरामागें चालूं लागले.

ह्या उद्योगाला पैसा लागे. तो गोळा करण्यासाठीं नारायणराव देशोदेशीं हिंडले. ऑक्टोबर १८७३ मध्यें न्यूयॉर्क येथें इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली होती. तेथें निरनिराळ्या देशांच्या धर्मपंडितांत पांढरें पागोटें घातलेले हे मराठी गृहस्थ उभे राहून इंग्रजींत बोलले. विवेकानंदांच्या शिकागोच्या भाषणाला तेव्हां वीस वर्षें अवकाश होता. स्कॉटलंडांतही त्यांना ऐकावयास लोक जमत. पेहराव त्यांनीं देशीच ठेवला, ही गोष्ट किरकोळ नव्हे. खिस्ती होणें म्हणजे साहेब होणें, असा समज इकडे व तिकडे दोन्हीकडे रूढ होता.

आतां बेथेलचा प्रयोग निर्दोष होता काय? नव्हता, आणि त्याचे दोष त्याच्या गुणांच्याच पोटीं होते. नव्या गांवीं आलेल्या कुटुंबाला निवारा मिळाला, पण जुना मांगवाडा मागें राहिला. ज्या सोयरेधायऱ्यांच्या दोरीवरून नवा विचार चालत आला होता, ती दोरी गांव सोडतांच सैल पडली. मागें राहिलेल्यांना दिसे तें एवढेंच, कीं अमका खिस्ती झाला आणि आपल्यांतून उठून गेला. शिवाय जमीन मिशनमार्फत, शाळा मिशनची, विहीर मिशनची. तेव्हां मंडळीचा वडील आणि मिशनचा कूळ हे एकाच माणसाचे दोन अवतार झाले. कुळाच्या तोंडून स्वतंत्र मत निघण्यास किती धैर्य लागतें, हें सांगावयास नको. नगरकडे निराळी वाट पडली. तिकडे महारवाड्यांतच लहान लहान मंडळ्या वाढल्या; कृष्णराव रत्नोजी सांगळे ह्यांच्यासारख्यांनीं खिस्ती कीर्तनें करून ओळखीच्या चालीवर नवा आशय नेला. तेथील खिस्ती मनुष्य आपल्या घरींच राहिला, पण छळही त्यानें तेथेंच सोसला आणि दारिद्र्यही. बेथेलवर टीका करतांना हें विसरूं नये. उपाशी माणसाला स्वावलंबनाचें व्याख्यान देण्यापेक्षां त्याला नांगर देणें हें केव्हांही बरें.

पुढें हाच वाद जगभर माजला. १९३३ सालीं वॅस्कम पिकेट ह्यांनीं हिंदुस्थानांतील समूह-धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यापासून स्फूर्ति घेऊन दमोह येथें जन्मलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन ह्यांनीं १९५५ सालीं असें मांडलें, कीं मिशनच्या आवारांत माणसें आणून वसविल्यानें त्यांचा त्यांच्या गोतावळ्याशीं असलेला पूल तुटतो. मंडळीची वाढ गोतावळ्यांतूनच होते, हें त्यांचें म्हणणें अमेरिकेंत नवें म्हणून गाजलें. जालना व नगर ह्या दोन शेजाऱ्यांना त्याच्या दोन्ही बाजू ऐंशी वर्षें आधींच भोगून ठाऊक झाल्या होत्या.

नारायण शेषाद्री १८९१ सालीं पुन्हां एकदां पश्चिमेकडे गेले होते. परतीच्या समुद्रप्रवासांत अटलांटिकवर जहाजांतच त्यांचें देहावसान झालें. सालारजंग त्याआधीं, १८८३ तच, गेले होते. १८९९-१९०० च्या दुष्काळानें औरंगाबाद जिल्ह्याची दुर्दशा केली; त्याच सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू होऊन जालन्याच्या पेठेचें रूप पालटलें. बेथेल उभारणारें फ्री चर्चही १९०० सालीं दुसऱ्या एका संस्थेशीं मिळून युनायटेड फ्री चर्च झालें, आणि १९२९ सालीं स्कॉटलंडच्या मूळ धर्मसंस्थेंत परत गेलें. १८४३ चें भांडण असें शहाऐंशी वर्षांनीं मिटलें.

इकडे त्याच्याही आधीं, १९२४ सालीं, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया ही संस्था स्थापन झाली होती. तींत स्कॉटिश मिशनच्या मंडळ्या व अमेरिकन मिशनच्या मंडळ्या एकत्र आल्या. जमीन देऊन गांव वसविणाऱ्यांचे नातू आणि महारवाड्यांत राहून कीर्तन करणाऱ्यांचे नातू एकाच सभेंत वडील म्हणून शेजारीं बसूं लागले. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरांत चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हां ही सभाही तींत सामील झाली. जालन्याचा स्वतंत्र जिल्हा व्हावयास तेव्हां आणखी अकरा वर्षें लागावयाचीं होतीं.