मिरीची राणी आणि एका दिवसाचा पाहुणा

कॅरिबियनच्या क्रूझवर हल्ली आपल्यातल्या बायकाही जातात. कांदा-लसूण, कंदमूळ नको असं आधी कळवलं की जैन जेवण मिळतं, मग अडायचं कशाला? जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळच्या आत परत चढायचं असतं. तेवढ्या वेळात बाजार, किल्ला, समुद्रकिनारा, आणि गाइड सांगेल तो इतिहास. घरी आल्यावर तोच आपण शेजारणीला सांगतो, आणि तिच्या लेखी तो खरा ठरतो.

ती बेटं युरोपला सापडली तीसुद्धा मसाल्याच्या शोधात. १४९२ साली कोलंबस आपल्याकडच्या मिरीसाठी निघाला आणि पोचला तिकडे. मिरी नाही, मिरची मिळाली. पुढे पोर्तुगीजांच्या हातून ती आपल्या फोडणीत आली. खरी मिरी पिकत होती इथं, आपल्या उत्तर कन्नडात. आणि त्या मिरीच्या मुलखावर राज्य होतं एका जैन बाईचं, गेरसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीचं.

तिची कारकीर्द १५५२ ते १६०६ अशी धरतात. चोपन्न वर्षं! भटकळ-होन्नावरचा किनारा, मिर्जानचा किल्ला, घाटाखालची मिरी. पोर्तुगीज तिला ‘रैना द पिमेंटा’, म्हणजे मिरीची राणी म्हणत. मिरी घ्यायची तर तिच्याशी बोलावं लागे, आणि भांडायचं तरी तिच्याशीच. १५६९ मध्ये होन्नावरचा किल्ला त्यांनी घेतला, तरी राणी पुढे पस्तीसहून जास्त वर्षं टिकली. शेवटी केळदीच्या व्यंकटप्पा नायकानं तिचं राज्य बुडवलं, आणि ती कैदेत गेली.

त्यानंतर सतरा वर्षांनी, १६२३ च्या ऑक्टोबरात, पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा रोमचा प्रवासी गोव्याहून जहाजानं दक्षिणेला निघाला. आमच्या दिग्गीच्या डोंगरात उगवणारी काळी नदी कारवारपाशी समुद्राला मिळते. ते मुख डाव्या हाताला टाकून त्याचं जहाज होन्नावरला लागलं. तिथून होडीनं शरावती चढून तो गेरसोप्प्याला गेला. नदीचं त्यानं मनापासून कौतुक केलंय. शहराबद्दल मात्र लिहितो की एकेकाळची नामांकित राजधानी आता रानात बुडालीय, शेतकऱ्यांच्या चार झोपड्या तेवढ्या उरल्यात.

मग राणीची गोष्ट. एका परक्या, हलक्या कुळातल्या माणसावर तिचं मन बसलं, राज्य तिनं त्याच्या हाती दिलं, तो उलटला, आणि त्या भांडणात सगळं गेलं. झालं! चोपन्न वर्षांचा कारभार एका प्रेमप्रकरणात आटोपला.

हा गृहस्थ बायकांना तुच्छ लेखणारा नव्हता हो. त्याची बायको, बगदादकडची मानी, प्रवासात इराणच्या किनाऱ्याजवळ वारली, तर तिचा देह त्यानं जपून बरोबर वागवला आणि वर्षांनी रोमला नेऊन पुरला. मग गोष्ट अशी का झाली? त्याच्या सोबत कोण होतं ते बघा. एक पोर्तुगीज वकील, व्यंकटप्पाच्या दरबारी निघालेला. दुसरा विठ्ठल शेणै, खुद्द व्यंकटप्पाचा वकील. म्हणजे जिनं राज्य गमावलं तिची हकीकत, ज्यानं घेतलं त्याच्या माणसांच्या संगतीत ऐकलेली. राणीच्या बाजूचं कोण होतं तिथं?

प्रेम असेलही, नसेलही. पण १५६५ मध्ये विजयनगर मोडलं, राणीच्या डोक्यावरची सावली गेली, केळदीवाले वाढत गेले आणि मिरीवर सगळ्यांचा डोळा होता. राज्य बुडायला एवढं पुरेसं होतं की. पुरुष राजाचं राज्य गेलं तर फौज कमी पडली म्हणतात. बाईचं गेलं की आधी तिचं मन कुणावर बसलं होतं ते शोधतात.

गंमत पुढेच आहे. त्याच प्रवासात तो आणखी दक्षिणेला, मंगळूरजवळच्या उळ्ळालच्या राणीला भेटला. हे चौटांचं घराणं, तेही जैनच. (उळ्ळालच्या अब्बक्काचं नाव आपल्या तटरक्षक दलानं २०१२ मध्ये एका जहाजाला दिलंय.) ही राणी त्याला राजवाड्यात नाही, वाटेवर दिसली. अनवाणी, साधं सुती वस्त्र, वर ताडपत्राची छत्री, आणि निघाली होती शेताच्या पाण्यासाठी खणवलेले चर बघायला. रूपानं राणीपेक्षा स्वयंपाकघरातली बाईच वाटली, असं तो मोकळेपणानं लिहितो. पण बोलायला लागली तेव्हा राणी आहे हे कळलं, हेही लिहितो. तिच्याबद्दल ऐकीव कुचाळक्या त्यानं इथंही टिपल्याच. पण ते चर, ती अनवाणी पावलं त्यानं स्वतः पाहिली होती, म्हणून ती बाई चारशे वर्षांनीही आपल्यासमोर चालत येते. चेन्नभैरादेवी त्याला भेटणं शक्यच नव्हतं.

गेरसोप्प्याच्या रानात चतुर्मुख बसदी अजून उभी आहे, काळ्या दगडाची. चारी दिशांना दारं, आणि गाभाऱ्यात चारी बाजूंना तोंड करून बसलेल्या जिनमूर्ती. कारवारकडून आलात तर होन्नावरला उतरायचं आणि शरावतीच्या काठानं आत जायचं. पावसाळा टाळा, जळवा फार. आणि एक दिवस पुरत नाही, मुक्कामाच्या तयारीनं या.