तासाचा भाव, वेगाचा दाखला

आजचा विषय एका साध्या प्रश्नातून निघाला. ओळखीतल्या एका मुलीनं नोकरी सोडून ‘प्रॉडक्टिव्हिटी कोच’ म्हणून काम सुरू केलंय. वेळ कसा वापरावा, कामं कशी मार्गी लावावीत, हे ती लोकांना शिकवते. तिनं मला विचारलं, “काका, पॅकेज कसं बांधू? तासावर पैसे घेऊ, महिन्यावर, की तीन महिन्यांचे एकदम?”

मी इतिहासाचा माणूस. धंद्यातलं मला काय कळणार, असं म्हणून मी आधी हसलो. पण घरी येताना विचार केला, की हा प्रश्न काही नवा नाही. माणसाच्या कामाचा वेग वाढवून देण्याचा धंदा पार्ल्यासारख्या उपनगरांनी कित्येक वर्षं पाहिलाय. त्याला कोणी कोचिंग म्हणत नसे. जिन्याशी पाटी असायची, ‘टाइपरायटिंग अँड शॉर्टहँड’. आणि वरून खडखडाट ऐकू यायचा.

आधी पार्ल्याची घडण आठवा. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघालं, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. शिक्षणावर भरवसा ठेवणारी, पण भांडवल नसलेली माणसं इथे राहायला आली. दुकान टाकायची ऐपत नाही, हातात मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि समोर चर्चगेटची गाडी. फोर्टातल्या कचेरीत शिरायचं तर नुसतं सर्टिफिकेट पुरत नसे, बोटांत कसब लागे. पुढे १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला, सरकारी कामकाज मराठीत आणायचं ठरलं, आणि इंग्रजीच्या जोडीला मराठी टंकलेखनही पोटापाण्याचं झालं. आजसुद्धा सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, अशी अट असते. म्हणजे बघा, घरात पगार येणार की नाही, हे एका आकड्यावर ठरत होतं. परीक्षेची सुट्टी लागली की आईवडील मुलाला, आणि पुढे मुलीलाही, टायपिंगला घालायचे ते याच हिशेबानं.

आता आपण क्लासच्या मालकाच्या खुर्चीत बसू. त्याचं भांडवल कशात? मशीनमध्ये. बराच काळ टाइपरायटर परदेशातून यायचे. गोदरेजनं भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला तो १९५५ साली. तेव्हा मशीन म्हणजे जपून वापरायची वस्तू. समजा, त्याच्याकडे दहा मशीन आहेत. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तासातासाच्या चौदा बॅचेस. दहा गुणिले चौदा, एकशे चाळीस जागा. त्याचं दुकान एवढंच! सोमवारी सातची जागा रिकामी राहिली, तर ती मंगळवारी विकता येत नाही. तो तास बुडाला.

म्हणून फी महिन्याची, आणि तीही आगाऊ. तुम्ही चार दिवस आला नाहीत तरी फी तीच, कारण तुमची जागा राखून ठेवलेली होती. वरवर पाहता हे कडक वाटतं. पण याचा एक उपयोग शिकणाऱ्यालाही होता. पैसे भरलेत, तास ठरलाय, मशीन वाट बघतंय, म्हणून माणूस रोज जायचा. बोटांचं वळण रोजच्या सरावानंच बसतं. हजेरीगणिक पैसे घेतले असते, तर पावसाळ्यात निम्मा वर्ग घरीच बसला असता.

शॉर्टहँडचा हिशेब मात्र वेगळा. तिथे मशीन नाही, वही-पेन्सिल पुरते. तिथलं भांडवल म्हणजे सरांचा आवाज आणि हातातलं घड्याळ. एक जण डिक्टेशन देतोय आणि वीस जण उतरवून घेताहेत, हे शक्य आहे. पण त्या वीस जणांचा वेग सारखा हवा. साठच्या वेगाचा विद्यार्थी शंभरच्या डिक्टेशनला बसला तर वहीत नुसते फराटे. म्हणून तिथे बॅच तासावरून न ठरता वेगावरून ठरते : साठ, ऐंशी, शंभर, एकशे वीस.

ही विद्या ज्यानं रचली, त्या आयझॅक पिटमनचा व्यवहार बघण्यासारखा आहे. त्याची पद्धत १८३७ ची. १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं, आणि पिटमननं एका पेनीत मिळणारा, सगळी पद्धत मांडलेला एक छापील तक्ता काढला. तो घ्या, धडा गिरवा, पोस्टानं पाठवा, मी फुकट तपासून देतो. टपालखर्च तेवढा तुमचा. छापील कागदाची किंमत ठरवता येत होती, ती त्यानं घेतली. तपासणी विनामूल्य ठेवली. त्यातून शिकणारे वाढले, आणि शिकणारे वाढले की पुस्तकं खपायचीच. आज ‘पहिलं सेशन फ्री’ म्हणतात ना, त्याचा हा जुना मासला.

परत आपल्या जिन्यावर येऊ. या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट क्लासच्या बाहेर होती. ती म्हणजे परीक्षा. ती सरकारी, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची. वेगाचा उतारा, पत्र, तक्ता, सगळं ठरलेलं. तिची फी वेगळी. तपासणारा वेगळा. सरांचा लाडका आहे म्हणून कोणाचा वेग तीसचा चाळीस होत नसे.

म्हणजे तीन गोष्टी तीन ठिकाणी होत्या. तास क्लासनं विकला. वेग विद्यार्थ्यानं स्वतः कमावला. दाखला परिषदेनं दिला. म्हणून फीवरून फारशी भांडणं नसत. नापास झालात तर सर म्हणणार, “पुन्हा बस, पुन्हा सराव कर.” त्यांनी तास दिला होता, तो तुम्हाला मिळाला होता. अर्थात ‘हमखास पास’ अशा जाहिराती करणारेही होतेच. पण परीक्षा बाहेरची असल्यामुळे त्यांची फुशारकी सहा महिन्यांत उघडी पडायची.

आणखी एक. तीसची परीक्षा झाली की विद्यार्थी मोकळा. वाटलं तर चाळीसला बसा, नाहीतर नमस्कार. पायरी संपली की पॅकेजही संपलं. कुणाला वर्षानुवर्षं अडकवून ठेवायची सोयच नव्हती.

२०१७ साली महाराष्ट्रात हाताच्या टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा झाली. त्याच्या आधीच संगणकावरची परीक्षा सुरू झाली होती. यंत्र बदललं, आकडे राहिले. तीस आणि चाळीसच.

आता त्या मुलीकडे वळू. तिची अडचण भावाची नाहीच. तास, वेग आणि दाखला, तिन्ही तिच्या एकाच पॅकेजमध्ये बांधलेत. शिकवणार ती, सुधारणा झाली हे सांगणारही तीच. मग किंमत कशावर धरायची? पाच हजार म्हटलं तरी चालतं, पन्नास हजार म्हटलं तरी चालतं. आणि गिऱ्हाईक नाराज झालं, तर त्याला नेमकं काय मिळालं नाही हे दोघांनाही सांगता येत नाही.

मी तिला म्हटलं, “तू तास वीक. महिन्याचा, ठरलेल्या वेळेचा, आगाऊ. पायऱ्या आखून दे, दर पायरीला माणूस मोकळा सोड. आणि पहिल्या दिवशी त्याच्याकडूनच लिहून घे, की किती कामं तुंबलीत, रात्री किती वाजता घरी जातो. पायरी संपली की त्यानंच पुन्हा लिहायचं. तू हात लावायचा नाही.”

ती म्हणाली, “पण काका, त्यात काही फरक पडलेला दिसला नाही तर?”

मी म्हटलं, “तर तुला कळेल. आत्ता तेही कळत नाहीये.”

तिनं अजून दरपत्रक छापलेलं नाही. आपल्यात कोणी टायपिंगचे क्लास चालवलेले असतील, तर प्रश्नोत्तरांत जरूर बोला. तुमच्या जुन्या फीच्या पावत्या जपून ठेवल्या असतील, तर त्या मला बघायला आवडतील.