पुनर्वसनाच्या इमारतीत टीबी का वाढतो? घराची रचना आणि आरोग्याचा संबंध

झोपडपट्टीतून पक्क्या घरात गेल्यावर माणसाची तब्येत सुधारायला हवी, असं कुणालाही वाटेल. डोक्यावर स्लॅब, घरात नळ, स्वतःचं शौचालय. पण मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींमध्ये टीबी म्हणजेच क्षयरोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. कारणांचा शोध घेताना संशोधक थेट इमारतींच्या नकाशापर्यंत पोहोचले.

नेमकं काय आढळलं?

मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागात लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहती आहेत. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी इथल्या घरांची पाहणी केली. २०१८ मध्ये हा अभ्यास समोर आला.

तिन्ही ठिकाणी राहणारे लोक साधारण सारख्याच आर्थिक परिस्थितीतले. तरीही लल्लुभाई आणि नटवर पारेखमध्ये टीबीचं प्रमाण पीएमजीपीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. फरक होता इमारतींच्या मांडणीत. पीएमजीपीमध्ये इमारतींच्या मधे मोकळी जागा आहे, घरांत ऊन आणि वारा येतो. बाकी दोन्हीकडे उंच इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. काही ठिकाणी मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भरदुपारीही दिवा लावावा लागतो आणि याच मजल्यांवर आजाराचा धोका जास्त दिसला.

ऊन-वाऱ्याचा टीबीशी काय संबंध?

टीबीचे जंतू हवेतून पसरतात. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा बोलतो तेव्हा जंतू हवेत जातात. बंद खोलीत ते काही तास तरंगत राहू शकतात. हवा खेळती असेल तर त्यांचं प्रमाण कमी होतं आणि सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ते मरतात.

आता २२५ चौरस फुटांची एकच खोली डोळ्यांसमोर आणा. त्यात पाच-सहा माणसं. खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीची भिंत किंवा खाली साचलेला कचरा, म्हणून ती बंदच. दरवाजा उघडतो तो दोन्ही बाजूंनी घरं असलेल्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये. अशा घरात एकाला टीबी झाला की बाकीच्यांना संसर्ग होण्याची शक्यता वाढते.

अर्थात, संसर्ग झालेला प्रत्येक जण आजारी पडत नाही. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू यांमुळे धोका वाढतो. त्यामुळे सगळा दोष इमारतीवर टाकता येत नाही. पण औषध घेऊन बरा झालेला माणूस पुन्हा त्याच कोंदट खोलीत राहत असेल, तर आजाराची साखळी तुटणं अवघड होतं.

अशा इमारती बांधल्याच कशा?

लल्लुभाई आणि नटवर पारेख या वसाहती रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांसाठी उभ्या राहिल्या. कमी जागेत जास्तीत जास्त कुटुंबं बसवायची होती. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाचं गणितही असंच आहे. रहिवाशांना घर मोफत मिळतं. बिल्डर तो खर्च खुल्या बाजारात विकायच्या फ्लॅटमधून काढतो. पुनर्वसनाच्या इमारती जितक्या कमी जागेत बसतील, तितकी विक्रीसाठी जागा जास्त उरते.

नियमही याला पूरक आहेत. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या अटींमध्ये सवलत मिळते. शिवाय सध्याच्या नियमावलीत हेक्टरी किमान ६५० घरांची अट आहे. घराचा आकार मात्र वाढत गेला. आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फूट. चर्चा होते ती याच आकड्याची. खिडकीतून ऊन येईल का, हा प्रश्न त्यात मागे पडतो.

मुंबईला हा धडा नवा आहे का?

नाही. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ आली. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ती ओळखली. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्त्या हे साथीचं कारण मानलं गेलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. शहरात ऊन-वारा यावा म्हणून ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याची आखणीही ट्रस्टचीच. पण पाडलेल्या घरांतले अनेक गरीब भाडेकरू शेजारच्या चाळींत कोंबले गेले आणि तिथली गर्दी आणखी वाढली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

जबाबदारी कुणाची?

इथे खरी मेख आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, नगररचना आणि झोपडपट्टी सुधारणा हे तिन्ही विषय शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवायचे म्हणून दिलेले आहेत. प्रत्यक्षात मुंबईत एसआरए योजनांचे नकाशे मंजूर करतं राज्य सरकारचं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. प्रकल्पग्रस्तांच्या अनेक वसाहती एमएमआरडीएच्या. टीबीचे रुग्ण शोधणं, दवाखाने आणि शिवडीचं क्षयरोग रुग्णालय चालवणं हे काम महापालिकेचं. म्हणजे इमारत मंजूर करणारा एक आणि तिथला आजार निस्तरणारा दुसरा.

रहिवाशांनी काय पाहावं?

पुनर्विकासाचा नकाशा समोर आला की चौरस फुटांबरोबर आणखी काही गोष्टी विचारायला हव्यात. शेजारच्या इमारतीपासून अंतर किती? पॅसेजच्या टोकाला खिडकी आहे का? खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचेल का? दोन इमारतींमधल्या जागेची सफाई कोण करणार? घरात वारा आरपार जाईल का? संमतीपत्रावर सही होण्याआधीच हे विचारलेलं बरं. इमारत उभी राहिल्यावर भिंती सरकवता येत नाहीत.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, घटणारं वजन ही टीबीची लक्षणं असू शकतात. सरकारी आणि महापालिका दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत रुग्णाला दरमहा १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा टोल फ्री क्रमांक आहे.