तेरा वर्षांची वाट

विद्यापीठांत लागलेला शोध आणि बाजारांत विकला जाणारा जिन्नस यांच्यामध्यें जो काळ लोटतो, त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. जिन्नस हातीं आल्यावर कारखान्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. ज्या प्रयोगशाळेंत त्याची पहिली खूण उमटली ती मात्र पडद्याआड राहते. आज कोट्यवधि लोकांच्या खिशांतील टेलिफोनांत वसणाऱ्या ‘फिनफेट’ नांवाच्या ट्रान्झिस्टरची कथा अशीच आहे. तिचा महत्त्वाचा अध्याय अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेंत घडला.

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेच्या पाटावरील एक दार होय. सिलिकॉनच्या तुकड्यांत एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे वीज वाहते, आणि मध्यें बसविलेलें दार तो प्रवाह सोडतें किंवा अडवितें. सोडणें आणि अडविणें या दोनच क्रियांवर गणकयंत्राचा सारा व्यवहार चालतो. हीं दारें जितकीं लहान, तितकीं एका चिपवर अधिक मावतात. गॉर्डन मूर यांनीं १९६५ सालीं असें भाकीत केलें कीं, चिपवरील भागांची संख्या दरवर्षीं दुप्पट होत जाईल. १९७५ मध्यें त्यांनीं ही मुदत दोन वर्षांची केली. पुढें कित्येक वर्षें कारखान्यांनीं हें भाकीत जणूं दिलेलें वचन समजून पाळलें.

परंतु लहानपणालाहि मर्यादा असते. दार फारच अरुंद झालें म्हणजे पाटाचीं दोन्ही टोंकें इतकीं जवळ येतात कीं, दार लावलेलें असतांहि वीज खालून झिरपत राहते. रबरी नळीवर वरून नुसतें बोट ठेवलें तर पाणी पुरतें थांबत नाहीं, तसाच हा प्रकार. कोट्यवधि दारांतून अशी गळती होऊं लागली म्हणजे वीज फुकट जाते आणि चिप तापते. १९९७ च्या सुमारास पुढारलेल्या कारखान्यांची मजल २५० नॅनोमीटरपर्यंत गेली होती. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १०० च्या खालीं जुनी रचना फार काळ टिकणार नाहीं, अशी शंका जाणत्यांस येऊं लागली होती. याच सुमारास अमेरिकेच्या संरक्षण खात्यांतील ‘डार्पा’ या संस्थेनें, २५ नॅनोमीटरच्या आंतील ट्रान्झिस्टर कसा करतां येईल, हा प्रश्न संशोधकांपुढें टाकला व त्यासाठीं पैसा देऊं केला.

बर्कले येथील प्राध्यापक चेनमिंग हू, त्सु-जे किंग आणि जेफ्री बोकोर यांनीं विद्यार्थ्यांसह हें काम अंगावर घेतलें. वीज खालून झिरपते, तर खालीं जागाच ठेवूं नये, हा त्यांचा विचार. सिलिकॉनचा थर अतिशय पातळ करावा, आणि तो आडवा न ठेवतां माशाच्या पाठीवरील परासारखा उभा करावा. मग दार त्याच्यावरून खोगिरासारखें चढवावें. अशानें दार दोन्ही बाजूंनीं प्रवाहास आवळतें. नळीवर बोट ठेवण्याऐवजीं ती मुठींत धरण्यासारखेंच हें झालें. परास इंग्रजींत ‘फिन’ म्हणतात. त्यावरून ‘फिनफेट’ हें नांव पडलें.

उभ्या पराची कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. जपानांतील हिताची कंपनीचे डिघ हिसामोतो व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ मध्यें ‘डेल्टा’ नांवाची अशीच रचना मांडली होती. तेच हिसामोतो पुढें पाहुणे संशोधक म्हणून बर्कलेस आले, आणि एका कारखान्याची कल्पना व एका विद्यापीठाची चिकाटी यांचा संयोग झाला.

या विषयाची मोठी सभा म्हणजे ‘इंटरनॅशनल इलेक्ट्रॉन डिव्हाइसेस मीटिंग’. ती १९५५ पासून भरत आली आहे, आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कारखान्यांचे इंजिनियर तेथें एकाच दालनांत बसून ऐकतात. १९९८ च्या डिसेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथें बर्कलेच्या मंडळींनीं सुमारें २० नॅनोमीटरचा ट्रान्झिस्टर या सभेपुढें ठेवला. १९९९ मध्यें वॉशिंग्टन येथें त्याचा १८ नॅनोमीटरचा जोडीदार दाखविला. विद्यापीठानें पेटंट घेतलें, पण रचना लपविली नाहीं. २००२ मध्यें याच सभेंत एएमडी कंपनी व बर्कले यांनीं मिळून १० नॅनोमीटरचा फिनफेट सादर केला.

तरीहि बाजारानें घाई केली नाहीं. इंटेल कंपनीनें २०११ च्या मे महिन्यांत या जातीच्या ट्रान्झिस्टरची घोषणा केली, आणि २०१२ मध्यें सुमारें १ अब्ज ४० कोटी ट्रान्झिस्टर असलेली तिची चिप विक्रीस आली. पहिल्या सभेपासून तेरा वर्षें उलटलीं होतीं. यांत कारखान्यांस दोष देणें न्याय्य नव्हे. एक पर उभा करणें निराळें आणि अब्जावधि पर एकसारखे उभे करणें निराळें. तें दुसरें काम कारखान्यांनींच केलें. पण ज्याला पुढच्याच वर्षीं माल द्यावयाचा असतो त्याला पंधरा वर्षांनंतरच्या अडचणीवर आज खर्च करणें कठीण जातें. विद्यापीठाला ती सवड असते, आणि त्या सवडीचें मोल अडचण दारीं येऊन ठेपल्यावरच कळतें.

बर्कलेचें ऋण आणखीहि एक आहे. चिप आंखणाऱ्यांस ट्रान्झिस्टरचें वर्तन आधीं गणितानें ताडून पाहावें लागतें. त्यासाठीं लागणारीं ‘बीसिम’ नांवाचीं समीकरणें हू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सर्वांस विनामूल्य दिलीं. फिनफेटसाठीं केलेली त्यांची आवृत्ति २०१२ मध्यें उद्योगाचें प्रमाण म्हणून मान्य झाली. २०२० मध्यें हू यांस ‘आयईईई’ या संस्थेचें सर्वोच्च सन्मानपदक मिळालें.

आतां पराचीहि मर्यादा जवळ आली आहे. २०२२ मध्यें सॅमसंग कंपनीनें प्रवाहास चारी बाजूंनीं वेढणाऱ्या दाराच्या चिपा करण्यास आरंभ केला. त्या दाराच्याहि पुढचें दार कोणत्या तरी प्रयोगशाळेंत आज विद्यार्थी घडवीत असतील. त्यांचें काम बाजारास पटण्यास कदाचित् पुन्हां तेरा वर्षें लागतील. तोंवर त्यांस पोसण्याचा धीर समाजानें धरिला पाहिजे.